कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्याचा नेम

अमळनेरहून आलेले एक पत्र थोडे आटोपशीर करून देत आहे. पत्रलेखकाचे, त्यांच्या लाडक्या संघाचे आणि ज्या खेळाडूवर त्यांचा राग आहे त्याचेही नाव गाळले आहे. खेळाडूचे नाव का गाळले, ते उत्तर वाचताना लक्षात येईल.

"सर, सप्रेम नमस्कार. मी एका पतसंस्थेत नोकरीला आहे. कॉलेजात बास्केटबॉल खेळलो, संघाचा कर्णधार होतो, आणि तेव्हापासून एनबीएतल्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या) एकाच संघाचा चाहता आहे. आमच्या संघात एक रोल प्लेअर आहे. कोपऱ्यात उभे राहून थ्री (लांबच्या रेषेबाहेरून घेतलेला तीन गुणांचा शॉट) मारायचे आणि समोरच्या चांगल्या माणसाला अडवायचे, एवढेच त्याचे काम. साखळीत तो ते नीट करतो, पण प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेऱ्या) सुरू झाले की त्याचा हात आखडतो. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो आणि सामना पहाटे मोबाइलवर पाहतो. गेल्या वर्षी निर्णायक सामन्यात त्याने मोकळा शॉट घालवला तेव्हा मी असा ओरडलो, की शेजारच्या गच्चीवरचे आजोबा उठून बसले आणि 'काय व्हयनं रे भाऊ?' म्हणून विचारू लागले. त्याच रागात मी त्या खेळाडूच्या इन्स्टाग्रामवर नाही नाही ते लिहिले, त्याच्या बायकोविषयीही लिहिले. माझा मावसभाऊ धुळ्याला असतो. त्याच्याकडे त्याच खेळाडूची जर्सी आहे. त्याला फोन करून म्हणालो, असली माणसे दुसऱ्याच्या जिवावर फुकट पगार खातात. तो कॉलेजात माझ्याच संघात होता, बेंचवरून यायचा. तेव्हापासून त्याने बोलणे सोडले आहे. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे घरी जमले, निंबाखाली पत्त्यांचा डाव बसला, पण मी बसलो की तो उठला. आणि यंदाच्या प्लेऑफमध्ये त्या खेळाडूने पुन्हा तेच केले. माझा राग चुकीचा आहे का? एवढे पैसे घेणाऱ्याने मोकळा शॉट बसवायला नको का? भावाशी कसे बोलू? आणि संघाने याला काढावे की ठेवावे, हे तुम्हीच सांगा."

स. न. वि. वि.

तुमचा राग मला खोटा वाटत नाही, आणि 'शेवटी खेळच आहे, सोडून द्या' असे सांगून मी तुमची बोळवणही करणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे मध्यरात्र उलटली तरी गच्चीची फरशी तापलेली असते. अंगाला जरा गारवा लागतो तो पहाटे, आणि नेमका त्याच वेळी, साडेचार-पाचला किंवा सहाला, तिकडे अमेरिकेत संध्याकाळ असल्यामुळे तुमचा सामना सुरू होतो. दिवसभर काउंटरवर बसायचे असूनही जो माणूस ती झोप सोडतो, त्याला 82 साखळी सामन्यांची कमाई चार मोकळ्या शॉटांत वाहून गेल्याचे दुःख होणारच. तेव्हा राग यावा की नाही हा वाद आपण घालू नये. तो राग ज्या माणसाच्या नावावर तुम्ही टाकला आहे, त्याच्याकडे त्यातला किती निघतो, एवढेच तपासू.

आधी आकडे पाहू, कारण तुमचा दिवस आकड्यांतच जातो. समजा, एखादा नेमबाज हंगामभर 100 पैकी 40 थ्री बसवतो. एनबीएत हे उत्तम मानले जाते. सामन्यामागे त्याच्या वाट्याला चार-पाच थ्री आले, तर हंगामात ते तीनशेच्या वर जातात, आणि तीनशे शॉटांत चांगले-वाईट दिवस एकमेकांत मिसळून सरासरी जागेवर येते. पाच सामन्यांच्या मालिकेत त्याला मिळतात वीस. हात तोच, नेम तोच, समोरचा बचावही तसाच आहे असे धरले, तरी या विसांपैकी पाच किंवा त्याहून कमी बसण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे आठ मालिकांत एकदा. प्लेऑफमध्ये 16 संघ असतात. प्रत्येक संघात असे दोन नेमबाज धरले तर 32 झाले, आणि त्यांतले सरासरी चार जण दर वर्षी पहिल्याच फेरीत, मनावर कसलेही दडपण नसताना, 'फसलेले' दिसणार. लागोपाठ दोन वर्षे एकाच्याच नशिबी हे येण्याची शक्यता 64 मध्ये एक एवढीच उरते, त्यामुळे तुमच्या खेळाडूचे सगळे अपयश मी योगायोगावर ढकलत नाही. पण 32 जणांत दर दोन वर्षांनी असा एखादा निघणारच, आणि तो ज्या संघात असेल त्या संघाच्या चाहत्यांना तो मनाने कच्चा वाटणार, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

बाकीचे कारण समोरच्या संघाकडे असते, आणि चाहते सर्वांत कमी पाहतात ते हेच. साखळीत आज एक शहर, परवा दुसरे. समोरच्या संघाचा खोलवर अभ्यास करायला कोणालाच सवड नसते. प्लेऑफमध्ये तोच संघ सात वेळांपर्यंत समोर येतो आणि प्रशिक्षकांचे एकच काम उरते: या पाचांपैकी कोणाला मोकळे सोडले तर आपले नुकसान कमीत कमी होईल, हे ठरवणे. 2015 च्या दुसऱ्या फेरीत गोल्डन स्टेट संघ मेम्फिसविरुद्ध दोन-एकने मागे पडला होता आणि मेम्फिसचा टोनी अ‍ॅलन हा बचावपटू त्यांना फार जड जात होता. चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी आपला उंच सेंटर अँड्र्यू बोगट याला अ‍ॅलनवर लावले. लावले म्हणजे फक्त नावाला, कारण बोगट रिंगाखालीच उभा राहिला आणि अ‍ॅलनला लांबून हवे तेवढे शॉट घेण्याची मोकळीक दिली. अ‍ॅलनचा लांबचा नेम आधीपासूनच कच्चा होता. मेम्फिसला त्याची मिनिटे कमी करावी लागली, त्याबरोबर त्याचा बचावही बाहेर गेला, आणि गोल्डन स्टेटने पुढचे सलग तीन सामने जिंकून मालिका खिशात घातली. त्याच हंगामात लीगच्या सर्वोत्तम बचाव संघात निवडला गेलेला खेळाडू एका आठवड्यात निरुपयोगी ठरला. त्याला मांडीच्या दुखापतीचाही त्रास होता, पण त्याचे कौशल्य कमी झाले नव्हते. त्याची कमी असलेली बाजू कोणीतरी शोधून काढली आणि त्याला तेवढ्याच बाजूवर उभे केले.

तुमचा माणूस नेमबाज आहे, त्यामुळे त्याला असे मोकळे सोडणार नाहीत, उलट चिकटून राहतील. कोपऱ्यातला थ्री सर्वांत जवळचा, साधारण 6.7 मीटरचा; समोरून तो 7.24 मीटर पडतो. पण त्या कोपऱ्यात थ्रीची रेषा आणि मैदानाची कडेची रेषा यांच्यात जेमतेम तीन फुटांची पट्टी असते. एवढ्या जागेत सहा-साडेसहा फुटांच्या माणसाने दोन्ही पावले बसवायची, टाच मागे गेली तर बॉल बाहेर, बोट पुढे गेले तर तिनाचे दोन. साखळीत त्याच्यावर धावून येणारा बचावपटू दोन पावले उशिरा येतो. प्लेऑफमध्ये त्याला आधीच ठाऊक असते की पास इकडेच येणार आहे, त्यामुळे तो एक पाऊल आधी निघतो. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही शॉट 'मोकळे' दिसतात, पण शॉट घेणाऱ्याला ते सारखे नसतात.

शिवाय त्याच्यापर्यंत बॉल येतो कधी, हेही पाहा. 24 सेकंदांच्या घड्याळातले (तेवढ्या वेळात शॉट घ्यावाच लागतो) वीस सेकंद स्टार खेळाडू डावीकडून, उजवीकडून वाट शोधतो, काही जमले नाही की दोन-तीन सेकंद उरताना बॉल कोपऱ्यात फेकतो. शेवटच्या पंगतीला तळ गाठलेले पातेले ज्या वाढप्याच्या हाती येते, त्यानेच सगळ्यांना पोटभर वाढावे, अशी ती अपेक्षा असते. स्टारचे पाच शॉट चुकले तर तो आणखी पंधरा घेतो आणि सामना संपेपर्यंत भरपाई करतो. रोल प्लेअरला चार मिळतात, पहिले दोन चुकले की तो बेंचवर, आणि पुन्हा संधी मिळेल तेव्हा त्याचे अंग थंड झालेले असते. प्लेऑफमध्ये प्रशिक्षक दहाऐवजी सात-आठच माणसे खेळवतात, त्यामुळे ती संधीही आखडते. चुकल्यावर सावरायला जागाच नसलेल्या माणसाला आपण 'मोठ्या सामन्यात फसतो' म्हणतो आणि वीस शॉट घेणाऱ्याला 'मोठ्या सामन्याचा खेळाडू' म्हणतो. ही विभागणी मला नेहमीच थोडी अन्यायाची वाटत आली आहे.

2018 ची पश्चिम विभागाची अंतिम मालिका तुम्ही पाहिली असेल. सातव्या सामन्यात ह्यूस्टनने लागोपाठ 27 थ्री चुकवले आणि एकूण 44 पैकी फक्त 7 बसवले. ट्रेव्हर अरीझाचे नऊच्या नऊ थ्री गेले, किंबहुना त्या रात्री त्याने घेतलेल्या बाराही शॉटांपैकी एक बसला नाही, आणि चाहत्यांचा राग त्याच्यावर निघाला. पण त्याच सामन्यात संघाचा स्टार जेम्स हार्डन याचे तेरापैकी दोनच थ्री बसले होते आणि एरिक गॉर्डनचे बारापैकी दोन. दुखापतीमुळे ख्रिस पॉल बाहेर बसला होता, म्हणजे मोकळे शॉट निर्माण करून देणारा दुसरा माणूसच मैदानावर नव्हता. या सगळ्याचा हिशेब एका अरीझाच्या नावावर चुकता करणे सोयीचे होते, एवढेच.

आता मी ज्या सामन्याकडे तुमचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो, तो 2013 च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना: मायामी विरुद्ध सॅन अँटोनियो, 20 जून. तो पूर्ण सामना कोठे मिळाला तर एकदा शांतपणे पाहा, कारण तुमच्या पत्रातला प्रश्न त्यात दोन्ही बाजूंनी उभा आहे. सॅन अँटोनियोचा डॅनी ग्रीन हा तंतोतंत तुमच्या खेळाडूसारखा: कोपऱ्यातला थ्री आणि बचाव. त्या मालिकेच्या पहिल्या पाच सामन्यांत त्याने 25 थ्री बसवले आणि अंतिम मालिकेतला तोपर्यंतचा, रे अ‍ॅलनचा 22 चा विक्रम मोडला. त्यानंतर मायामीने त्याला श्वास घ्यायला जागा दिली नाही. सहाव्या सामन्यात एक थ्री, सातव्यात एक. सातव्यात तर एकूण बारा शॉट घेऊन बसला फक्त एक, आणि सॅन अँटोनियो 95-88 असा हरला. त्या रात्री फक्त ग्रीनच चुकला असेही नाही. शेवटच्या मिनिटात बरोबरी साधून देणारा, रिंगाच्या अगदी जवळचा शॉट टिम डंकनने घालवला होता, आणि डंकन म्हणजे त्या संघाचा कणा.

समोर मायामीकडे शेन बॅटिये होता. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये त्याचा नेम इतका बिघडला होता, की आधीच्या फेरीत इंडियानाविरुद्धच्या सातव्या सामन्यात प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा यांनी त्याला मैदानावर उतरवलेसुद्धा नाही. मायामीच्या एखाद्या चाहत्याच्या हाती अधिकार असता, तर त्याने बॅटियेला तेव्हाच घरी पाठवले असते. या सातव्या सामन्यात त्याच बॅटियेने आठपैकी सहा थ्री बसवले, 18 गुण केले, आणि मायामीने अजिंक्यपद राखले. म्हणजे एकाच रात्री, एकाच मैदानावर, पंधरवडाभर सोने पिकवणारा रोल प्लेअर कोरडा गेला आणि महिनाभर कोरडा गेलेला रोल प्लेअर बरसला. दोघांपैकी कोणाच्याही स्वभावात त्या रात्री बदल झाला नव्हता. पुढच्या वर्षी, 2014 मध्ये, सॅन अँटोनियोने त्याच मायामीला अंतिम मालिकेत हरवले, आणि ग्रीन तेव्हाही संघात होता. त्याला कोणी काढले नव्हते.

तरीही तुमच्या रागात काही रास्त नसेलच, असे मी म्हणणार नाही. दडपण असते आणि ते कधीकधी माणसाला खातेही. 1995 च्या अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात ऑर्लँडोच्या निक अँडरसनने शेवटच्या काही सेकंदांत लागोपाठ चार फ्री थ्रो (समोरच्याच्या फाउलमुळे मिळणारे, कोणी न अडवता घ्यायचे शॉट) चुकवले. त्यांतला एक बसला असता तरी सामना जवळजवळ हातात होता, पण ह्यूस्टनने बरोबरी साधली, अतिरिक्त वेळेत सामना जिंकला आणि पुढे मालिकाही 4-0 अशी घेतली. त्याआधी फ्री थ्रोला बऱ्यापैकी असलेला अँडरसन दोनच हंगामांनंतर, 1996-97 मध्ये, 40 टक्क्यांवर येऊन ठेपला. फ्री थ्रोच्या वेळी समोर बचावपटू नसतो, अंतर बदलत नाही, घाई नसते. तिथे बिघाड झाला तर तो मनाचाच, हे मान्य करावे लागते. (फ्री थ्रोच्या बाबतीत मी स्वतः तुमच्याइतकाच कडक आहे.) पण मैदानातल्या थ्रीवर तोच निकाल लावता येत नाही.

मग दोष खेळाडूचा केव्हा धरावा? बॉल बसला की नाही, हे क्षणभर बाजूला ठेवा आणि त्याआधीचा एक सेकंद पाहा. पास येण्यापूर्वी त्याचे गुडघे वाकलेले आहेत का, हात छातीसमोर तयार आहेत का, आणि मोकळा बॉल हाती आल्यावर तो लगेच उचलतो की आधी खोटा इशारा करतो, एकदा टप्पा मारतो आणि शॉट स्टारकडे परत ढकलतो. शॉट घेऊन चुकणाऱ्याला मी माफ करतो. मोकळा शॉट असून तो न घेणारा संघाचे जास्त नुकसान करतो, कारण मग समोरच्यांना त्याच्याकडे धावून यायचीही गरज उरत नाही आणि पाचांचा संघ चारांचा होतो. दुसरे, शॉट चुकल्यानंतरच्या तीन सेकंदांत तो परत धावतो का, की कमरेवर हात ठेवून छताकडे पाहतो. तिसरे, तो ज्याला अडवत होता त्या माणसाने किती गुण केले. पराभवाच्या सामन्याची नोंद पुन्हा काढून एवढेच तपासा. त्यात तो शॉट टाळताना दिसला, तर तुमची टीका योग्य आहे आणि ती तुम्ही खुशाल करावी, मोठ्याने करावी. तो शॉट घेत राहिला, धावत राहिला, आणि बॉल फक्त रिंगावरून उडाला, तर तुम्ही त्याच्याकडे कोणताही माणूस पुरवू शकत नाही अशी गोष्ट मागत आहात.

पैशांविषयी एक खुलासा, जो ऐकून तुम्हाला कदाचित चीड येईल. एनबीएतला पगार साखळी हंगामासाठी ठरलेला असतो. प्लेऑफची रक्कम वेगळ्या निधीतून, संघ किती पुढे गेला यावर येते आणि पगाराच्या मानाने ती किरकोळ असते. तेव्हा 'फुकट पगार' हा शब्द ज्या सामन्यांसाठी तुम्ही वापरलात, त्या सामन्यांना तो लागूच होत नाही.

आता इन्स्टाग्राम. इथे मी मवाळ बोलणार नाही. ज्या डॅनी ग्रीनची गोष्ट वर आली, तोच 2020 मध्ये लेकर्सकडून खेळत होता. अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात लेकर्स एका गुणाने मागे, काही सेकंद शिल्लक. लेब्रॉन जेम्सने बचावपटू स्वतःकडे ओढून घेतले आणि मोकळ्या ग्रीनकडे पास दिला. शॉट चुकला, सामना गेला. त्यानंतर ग्रीनला आणि त्याच्या वाग्दत्त वधूला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. दोनच दिवसांनी लेकर्सने सहावा सामना जिंकून अजिंक्यपद मिळवले. तीन वेगवेगळ्या संघांबरोबर मिळवलेले ग्रीनचे ते तिसरे अजिंक्यपद. अजिंक्यपद मिळाले म्हणून त्या धमक्या लिहिल्या गेल्या नव्हत्या असे होत नाही. त्याच्या वाग्दत्त वधूने तर कुठलाच शॉट घेतला नव्हता, आणि तुमच्या खेळाडूच्या पत्नीनेही घेतलेला नाही. तुम्ही धमकी दिली नाही, हे मी मान्य करतो. पण तिच्याविषयी जे लिहिलेत ते तुमच्याच शब्दांत 'नाही नाही ते' आहे, आणि ते अजून तिथे असेल, तर हे उत्तर वाचून संपण्यापूर्वी मोबाइल उघडून पुसून टाका. वर जाहीर माफी लिहिण्याची गरज नाही. ती पुन्हा तुमच्याचकडे लक्ष वेधील. या सदरात त्याचे नाव छापले असते, तर आणखी चार जण त्याच खात्यावर गेले असते. म्हणून ते गाळले.

मावसभावाचा प्रश्न तुम्ही पत्रात शेवटी घेतलात, मला तो सर्वांत मोठा वाटतो. तुम्ही फोनवर एका परदेशी खेळाडूविषयी बोललात, पण 'असली माणसे' म्हणालात, आणि असल्या माणसांत तुमचा भाऊ मोडतो. तो बेंचवरून यायचा, तुम्ही कर्णधार होतात. त्याने ती जर्सी स्टारची घेतली नाही, कोपऱ्यात उभे राहणाऱ्याची घेतली, ती काय उगाच? तुमच्या संघात इतकी वर्षे आपण काय करत होतो, याविषयी तुमचे मत काय आहे, ते त्याला त्या फोनवरून कळले. आखाजीला निंबाखालच्या डावातून तो उठला तो त्या एनबीए खेळाडूसाठी उठला, असे तुम्हाला वाटत असेल तर तसे समजू नका.

तेव्हा फोन करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच लिहू नका. अमळनेरहून धुळे काही लांब नाही, आणि मावशीकडे जायला निमित्त लागत नाही. चहा होईपर्यंत विषय काढू नका. मग एकदाच, सरळ सांगा की मी ते चुकीचे बोललो. 'मी तुझ्याबद्दल बोललो नव्हतो' हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. तो लगेच म्हणेल, मग कोणाबद्दल बोललास, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. त्यानंतर त्याला एक प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर तुम्हाला कर्णधार असूनही ठाऊक नाही: वीस मिनिटे टॉवेल मांडीवर घेऊन बसून राहिल्यावर, एकदम उठून पहिलाच बॉल हाती येतो तेव्हा हाताला काय होते? तो सांगू लागला तर मध्ये बोलू नका. त्याला कदाचित तुमच्या जुन्या सामन्यांची आठवण निघेल, एखादा पास तुम्ही उशिरा दिला होता हेही निघेल. निघू द्या. त्याच्या हातून शॉट चुकल्यावर पुढच्या वेळी तुम्ही त्याच्याकडे बॉल दिला होता की नाही, हे धुळ्याला पोहोचेपर्यंत एसटीत बसून प्रामाणिकपणे आठवून ठेवा, कारण तो प्रश्न तुम्हाला विचारला जाण्याची शक्यता बरीच आहे. उत्तर 'नाही' असेल तर 'नाही' म्हणा.

त्याने तरीही अबोला धरला, तर ताणू नका. वर्षभराचा राग एका चहात उतरत नाही. पुढच्या सणावाराला तुम्ही आधी बसलेले असाल तर त्याला जागा करून द्या, उठायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: काढावे की ठेवावे. चाहत्यांना काढणे सोपे वाटते, पण लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या, 2023 पासून लागू झालेल्या करारानंतर ते अवघड झाले आहे. ज्या संघांचा पगारखर्च ठरावीक वरच्या मर्यादेपलीकडे गेला आहे, त्यांना दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणता येत नाही, आणि मधल्या पगाराचा नवा माणूस घेण्याची सवलतही त्यांना मिळत नाही. अशा संघाने हंगामभर 40 टक्क्यांनी थ्री बसवणारा आणि बचाव करणारा माणूस सोडला, तर त्याच्या जागी किमान पगाराचा माणूस येईल, आणि तो प्लेऑफपर्यंत पोहोचवील की नाही याचीच शंका. माझे मत विचाराल तर ठेवावे. वर सांगितलेल्या तपासणीत तो शॉट टाळताना आढळला तरच फेब्रुवारीतली अदलाबदलीची मुदत संपण्यापूर्वी दुसरीकडे द्यावे. पण ठेवायचे तर सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत त्याच्याबरोबर आणखी एक नेमबाज दुसऱ्या कोपऱ्यात उभा असला पाहिजे, म्हणजे कोणाला चिकटायचे आणि कोणाला सोडायचे ही निवड समोरच्या प्रशिक्षकाला जड जाईल. दोन वर्षे तो दुसरा माणूस का आणला गेला नाही, हा प्रश्न तुमच्या संघाच्या व्यवस्थापनाला विचारायला हवा.